माल्टोडेक्स्ट्रिन ही साखर की स्टार्च? आणि फळांच्या रसाची पावडर करायला कोणतं घ्यावं?

दोन्हींच्या मधलं. मका, तांदूळ, बटाटा किंवा टॅपिओकाचं स्टार्च पाण्यात शिजवून अल्फा-अमायलेज एन्झाइमने किंवा आम्लाने त्याच्या लांब साखळ्या तोडतात. तोडणी मध्येच थांबवून द्रावण गाळलं आणि सुकवलं, की पांढरी, जवळजवळ बेचव पावडर हाती येते. तोडणी किती झाली ते डीई (डेक्स्ट्रोज इक्विव्हॅलंट) सांगतो. अखंड स्टार्चचा डीई 0 च्या आसपास, ग्लुकोजचा 100. माल्टोडेक्स्ट्रिन 20 च्या खाली. त्यावर गेलं की ते सुकवलेलं ग्लुकोज सिरप.

माल मागवताना आधी डीई विचारा, बाकी सगळं नंतर. 111 ला डीईने भागलं की साखळीत सरासरी किती ग्लुकोज आहेत ते कळतं: डीई 5 ला साधारण 22, डीई 18 ला सहा. साखळी लांब असेल तर द्रावण दाट होतं, गोडी नसते. आखूड असेल तर किंचित गोड लागतं, भाजताना रंग लवकर धरतं आणि हवेतला ओलावा ओढतं.

आता तुमचा रस. नुसता रस स्प्रे ड्रायरमध्ये (द्रव गरम हवेत फवारून सुकवणारं यंत्र) सोडला तर पावडर पडतच नाही, भिंतीवर चकचकीत चिकट थर बसतो. फळातली साखर आणि आम्लं ड्रायरच्या उष्णतेत मऊ पडतात म्हणून हे होतं. माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलं की मिश्रण मऊ पडायचं तापमान वर सरकतं. यासाठी डीई 10 ते 12 घ्या. 18 चं सहज विरघळतं म्हणून लोक ते उचलतात आणि मग बरणीत पावडरचे खडे होतात.

प्रमाण रसाच्या वजनावर नव्हे, त्यातल्या घन पदार्थावर काढायचं. 100 किलो रस 12 ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला घन भाग, टक्क्यांत) असेल तर घन भाग 12 किलो. सुरुवात तेवढ्याच, म्हणजे 12 किलो माल्टोडेक्स्ट्रिनने करा. लिंबासारख्या आंबट रसाला जास्त लागतं. आत येणारी हवा 150 ते 170 अंश, बाहेर जाणारी 80 ते 90 अंश सेल्सिअस ठेवा. पावडर लगेच कोरड्या खोलीत हवाबंद करा. माल्टोडेक्स्ट्रिन रसात घालताना ढवळणी चालू ठेवून हळूहळू भुरभुरा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात: बाहेर चिकट साल, आत कोरडं पीठ, आणि त्या मग फुटता फुटत नाहीत. तेलकट सुगंध धरायचा असेल तर हे एकटं पुरणार नाही, त्यात तेल फोडून धरायची ताकद नाही. सोबत बाभळीचा डिंक किंवा त्या कामाचं सुधारित स्टार्च हवं.

बाकी उपयोग: औषधी गोळ्यांच्या ओल्या ग्रॅन्युलेशनमध्ये (भुकटी ओलवून तिचे दाणे करणं) 3 ते 10 टक्के बाइंडर, म्हणजे बांधून धरणारा पदार्थ म्हणून, मिठाईत साखरेचे खडे धरू नयेत म्हणून, सूपला दाटपणा द्यायला. बटाट्याचं अगदी कमी डीईचं असेल तर 25 टक्क्यांच्या आसपासचं गरम द्रावण थंड होताना लोण्यासारखं मऊ जमतं; कमी चरबीच्या स्प्रेडमध्ये तेच असतं. पाकिटं चिकटवायचं डेक्स्ट्रिन मात्र वेगळं. ते स्टार्च कोरडंच भाजून करतात, रसात घालू नका.

'साखर घातलेली नाही' असं लिहिलेल्या पाकिटावर माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव दिसलं तर मधुमेह असणाऱ्यांनी ते साखरेइतकंच मोजावं. ग्रॅमला सुमारे 4 किलोकॅलरी, आणि पोटात ते भराभर ग्लुकोज होतं. 'रेझिस्टंट' माल्टोडेक्स्ट्रिन याला अपवाद आहे. त्याचा बराचसा भाग पचत नाही, म्हणून ते तंतुमय पदार्थांत धरतात.