सांगणारा कुठल्या लाइनवर आहे, ते आधी विचारा

प्रश्न : मी कराडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी ऑफर लेटर आलंय. तिथे काम करणारा एक जण म्हणतो, 'डोळे झाकून ये. बस आहे, जेवण चांगलं, शिकायला मिळतं.' दुसरी म्हणते, 'सुट्टी मागितली की साहेबांचं तोंड वाकडं, सगळ्यांसमोर ओरडतात, ओटीचे (जादा तासांचे) पैसे न देता सी-ऑफवर, म्हणजे बदली सुट्टीवर भागवतात.' घरचे म्हणतात, नको जाऊस. कुणाचं खरं मानू?

उत्तर : दोघांचंही. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात गेली. माणूस नावाला कंपनीत असतो, पण त्याचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे त्याच्या शिफ्टचा सुपरवायझर ठरवतो. एका कारखान्यात असेंब्लीच्या दोन लाइन शेजारी-शेजारी होत्या. पहिल्या लाइनवरच्या मुली खराब पीस सापडला की लाल टॅग लावून वर ठेवायच्या आणि हाक मारून सांगायच्या. दुसऱ्या लाइनवर तेच पीस माल ठेवायच्या पेटीच्या तळाशी, चांगल्या मालाखाली निघायचे. कारण तिथला सुपरवायझर रिजेक्शन दाखवलं की दाखवणारीलाच झापायचा. गेट एक, कॅन्टीन एक, एचआरही एकच. या दोन लाइनवरच्या मुलींना तुम्ही कंपनीबद्दल विचारलं असतं, तर तुम्हाला आज मिळालीत तशीच दोन उत्तरं मिळाली असती.

म्हणून दोघांना पुन्हा फोन करा. कुठल्या विभागात, कुणाच्या हाताखाली, पर्मनंट की कंत्राटी, हे विचारा. चाकणमध्ये एकाच मशीनवर एक पर्मनंट आणि एक कंत्राटी माणूस उभा असतो. काम तेच, पण पगार, सुट्टी आणि उद्याची खात्री यांत जमीन-अस्मानाचा फरक. बस आणि जेवण दोघांनाही मिळतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. तुमच्या क्वालिटी विभागातली एखादी व्यक्ती गाठता आली तर उत्तम. तिला एवढंच विचारा, की माल पास करायला प्रॉडक्शनवाले दबाव टाकतात तेव्हा तुमचे साहेब कुणाच्या बाजूने उभे राहतात? तुमची नोकरी यावरच सुखाची किंवा दुःखाची होणार आहे.

ओटीची तक्रार मात्र मी हलक्यात घेणार नाही. साहेबाचा स्वभाव विभागागणिक बदलतो, पगाराचा हिशोब सहसा वरून ठरतो. कामगाराला जादा तासांचा दर दुप्पट, हे कायद्यातच आहे. त्या मुलीला पगार स्लिप पाहून सांगायला सांगा, ओटीचा रकाना भरलेला असतो का. पीएफ कापतात, पण पासबुकात दर महिन्याला जमा दिसतो का, हेही विचारा. या दोन्हींत गडबड असेल, तर घरच्यांचं ऐका.

जॉइनिंगआधी प्लांट पाहायला मागा. नोटीस बोर्डाजवळ थांबा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि ती नेमल्याचा आदेश सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. तो आहे का, त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत का, बघा. संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर लावता येत नाही. थर्ड शिफ्टची, म्हणजे रात्रपाळीची, अट ऑफर लेटरमध्ये मोघम असेल, तर एचआरला मेल करून लेखी उत्तर घ्या. तोंडी 'बघू नंतर' चालवून घेऊ नका.

आणि बॉण्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, असेल तर त्याची रक्कम आणि मुदत घरी नीट वाचून मगच सही करा. डिप्लोम्याचं मूळ प्रमाणपत्र 'जमा करा' म्हणाले, तर देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ कागद त्याच दिवशी पिशवीत घालून परत आणा.