केम्प्लीची भित्तिचित्रं बघायला जाताय?

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या केम्प्लीच्या जुन्या सेंट मेरी चर्चमध्ये शिरलात की आधी थेट वेदीच्या दालनात जा. तिथली १२व्या शतकातली चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली, म्हणून रंग गिलाव्यातच मुरलाय. कमानदार छतावर मधोमध ख्रिस्त, दोन्ही भिंतींवर माना वर करून त्याच्याकडे बघणारे प्रेषित. बाहेरच्या सभागृहातलं 'जीवनचक्र' हे चित्र मात्र सुक्या चुन्यावरचं. तिथं रंग वरवर बसतो आणि सुटतो. पुसट दिसलं तर दोष तुमच्या डोळ्यांचा नव्हे. १८७२ मध्ये वरची सफेदी खरवडली आणि चित्रांवर शेलॅकचं (लाखेचं) वार्निश फासलं. ते काळवंडलं, पुढे १९५०च्या दशकात उतरवावं लागलं. जपण्याची ही भलतीच घाई! नजर अंधाराला सरावेपर्यंत थांबा, फ्लॅश बंद ठेवा आणि भिंतीला पाठ टेकू नका.