वाचक विचारतात: तिथंबी सोयाबीनच?

प्रश्न: माझा पुतण्या अमेरिकेत आयोवातल्या लहान्या गावात नोकरीले गेला. म्हणते, काकू, इथंबी सोयाबीनच! मंग लोकं करतात तरी काय तिथं? (एक वाचक, दारव्हा)

उत्तर: काकू, पोरगा खरंच सांगतोय, मका अन् सोयाबीन हेच तिथलं मुख्य पीक, फक्त शेतं एवढी मोठी की नवरा कंबाइनवर, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रावर, एकटाच, आणि बायको बरेचदा शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरीला, कारण आरोग्य विमा तिथं बरेचदा नोकरीतूनच मिळतो ना. एलिव्हेटर म्हणजे लिफ्ट नाही बरं, धान्याची उंच कोठी, गावाआधी तीच दिसते. आग लागली तर दुकानदार, मास्तर हातचं काम टाकून बंब घेऊन पळतात, बरेचदा बिनपगारी. पोरं 14व्या वर्षी गाडीचं लर्निंग लायसन काढतात! चहाटपरी मात्र नाही, गप्पा पेट्रोल पंपावरच्या कॉफीवर.