नाटकात बाईचं काम पुरुष का करायचे?

प्रश्न: पूर्वी नाटकात बायकांची कामं पुरुषच का करायचे? आता असं कुठे बघायला मिळतं का?

उत्तर: अहो, घरंदाज बाईनं रंगभूमीवर जायचं म्हणजे तेव्हा बदनामीच, म्हणून मग पुरुषच नऊवारी नेसून उभे राहायचे. पण बालगंधर्वांनी त्याचं सोनं केलं, एरवी भरजरी शालूत दिसणारा हा माणूस १९१९च्या ‘एकच प्याला’त सिंधू म्हणून फाटकं लुगडं नेसून जात्यावर बसायचा आणि थिएटर रडायचं! पुढे १९३३ला ‘आंधळ्यांची शाळा’त बायका स्वतः आल्या, ते फार बरं झालं, खरं तर उशीरच झाला. आता बघायचं असेल तर सिंधुदुर्गात जत्रेला जा, दशावतार या तिथल्या लोकनाट्यात आजही पुरुषच स्वतःचा मेकअप स्वतः करून, साडी नेसून पेटी-पखवाजावर रात्रभर उभे असतात, संवादही आयत्या वेळी रचलेले. नक्की बघाच.