गोव्यातली लहान घरगुती काजू भाटी (काजूफळाची, म्हणजे बोंडूची, फेणी दारू गाळायची भट्टी) ब्रँडशिवाय टिकते का? गिऱ्हाईक विश्वास कशावर ठेवतं?

टिकते. आमची सत्तरीतली टिकली आहे. पाटी नाही, लेबल नाही. मार्च लागला की माणसं रिकामे बुधले घेऊन ओसरीवर हजर. कुणाच्या बुधल्याच्या गळ्यात लाल चिंधी, कुणाच्या काळा दोरा. त्यावरून बाबा मालक ओळखतात.

प्रश्न झोंबला, कारण आमच्याकडे जेवायला बसलं की हाच विषय निघतो. दादाचं पालुपद ठरलेलं: २००९ साली काजू फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, २०१६ साली सरकारने तिला वारसा पेय म्हटलं, आणि आपण अजून चिंध्या बांधूनच विकायची का?

मग ऐका. एका एप्रिलात बाबा तापाने पडले आणि भाटी दादाकडे आली. लवकर आटपावं म्हणून फेणीच्या खेपेला त्याने जाळ वाढवला. भाणात, म्हणजे रस उकळायच्या हंड्यात, तळाला लागलं. लावणीत (दारू जमते त्या भांड्यात) उतरलेल्या दारूला करपट वास, उतू गेलेल्या दुधाला येतो तसा. बाबांनी ती ओतून दिली असती. दादाने दोन बुधले भरले आणि त्यातला एक लाल चिंधीवाल्यांना दिला. म्हणजे डिचोलीचे निवृत्त मास्तर, आजोबांच्या वेळचं गिऱ्हाईक.

पुढच्या रविवारी मास्तर स्कूटरवरून आले. बुधला जवळजवळ भरलेला, तो ओसरीवर ठेवला. दादाला एक शब्द नाही. मला विचारलं, “बापूय बरो आसा मगो?” (बाबा बरे आहेत ना?) वासावरून त्यांना कळलं होतं, चुलीपाशी दुसरं कोणीतरी बसलंय.

बाबांनी अंथरुणातून उठून पैसे परत केले. मास्तरांनी ते पुढच्या खेपेचे म्हणून त्यांच्याच उशाखाली सारले. २०२० साली ऐन हंगामात टाळेबंदी लागली, कामाला माणूस मिळेना, तेव्हा वाड्यावरची गिऱ्हाइकंच कोळंबीत उतरली. (ही कोळंबी खायची नव्हे, बोंडू तुडवायची जागा.)

चांगली फेणी ओळखायची कशी, तर ओततानाचा फेस बघणारे बघतात. पण फेस त्या करपट दारूलाही आलाच होता. नाक वापरा. आम्ही बोंडू झाडावरून तोडत नाही, पिकून पडलेलंच उचलतो. रसात साखर नाही, नवसागर नाही, तो आपसूक आंबतो. एवढं करून जाळ मंद ठेवला की झालं, पण तेच तर जमत नाही लोकांना.

पैशांचं म्हणाल तर नुसत्या भाटीवर घर चालत नाही. आमचं वर्ष निघतं ते काजूबियांवर. हुर्राक (पहिल्या खेपेची सौम्य दारू) तर साठवूनही ठेवता येत नाही, त्या त्या हंगामातच संपवायची. आणि अबकारीचा परवाना लागतोच, घरगुती म्हणून सुटका नाही.

हे सगळं आमच्यापुरतं. बाटलीवाल्यांतही काही जण चांगली काढतात, मी चाखली आहे. आणि दादा, तू हे वाचणार हे ठाऊक आहे मला. लाव लेबल, माझी ना नाही. पण लेबलावर बाबांचं नाव घालायचं असेल तर आधी दोन हंगाम त्यांच्या शेजारी बसून लाकडं मागे ओढायला शीक.

मास्तर गेल्या एप्रिलातही आले होते. आधी वाकून चुलीपाशी कोण आहे ते पाहिलं, मग स्कूटरवरून बुधला उतरवला.