नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) आणि जड धातू एकत्र शरीरात गेले तर यकृताला जास्त त्रास होतो का?

हो, बऱ्याचदा होतो; पण दरवेळी नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या नॅनोकणांवर शिसं, कॅडमियम चिकटतं आणि त्यांच्या पाठीवर बसून पेशीत शिरतं. रक्तात पोचलेले कण यकृतातल्या कुफर पेशी (रक्तातला कचरा गिळणाऱ्या पेशी) गिळतात, म्हणजे माल तिथेच उतरतो. पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपत जातं, आणि यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी हे एन्झाइम वाढतं. फार्मसीच्या मुलांना मी हेच शिकवतो. मात्र पुरावे मुख्यतः उंदीर, मासे आणि पेशींवरचे आहेत, आणि कणाने धातू घट्ट धरून ठेवला तर विषारीपणा कमीही होतो. तुमचा भाऊ उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) पितळ ओततो म्हणता, आणि पितळात शिसं असू शकतं, तर नॅनोचं नंतर बघू. आधी रक्तातलं शिसं तपासा (एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, नॉर्मल आली तरी शिसं असू शकतं) आणि डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा.