पोटात गोळा येतो तेव्हा

प्रश्न : चार माणसांसमोर बोलायला उभे राहण्याआधी माझ्या छातीत धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो आणि बोलणे संपले तरी बराच वेळ अंग शांत होत नाही. घरचे म्हणतात, "हे सगळे मनाचे खेळ आहेत." मग हा त्रास खोटा आहे का? माझे मन कमकुवत आहे का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. त्रासाची सुरुवात भावनेतून झाली, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग हायपोथॅलॅमस या मेंदूतीलच नियंत्रण-केंद्राला सावध करतो, तेथून अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला आणीबाणीसाठी सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, जागी होते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलीन हे संप्रेरक (हार्मोन) सोडतात. पळायचे असो वा झुंजायचे, स्नायूंना अधिक रक्त लागते, म्हणून हृदय वेगाने चालते. पचन मात्र थोडा वेळ लांबणीवर टाकता येते, म्हणून आतड्यांकडचा रक्तपुरवठा घटतो आणि लाळ कमी होते. पोटात गोळा येणे, तोंडाला कोरड पडणे हे आपल्या भाषेने किती नेमके टिपले आहे! अ‍ॅड्रेनलीन काही मिनिटांत ओसरते. मात्र त्यामागून येणाऱ्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची रक्तातील पातळी वाढायलाच वीस-तीस मिनिटे लागू शकतात. भाषण संपल्यावरही आपणांस अस्वस्थ वाटत राहते, त्याचे हे एक कारण आहे.

आता यात आधी काय घडते, भावना की शरीरातील बदल? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 मध्ये असे मांडले की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, तर थरथरतो म्हणून आपल्याला भीती जाणवते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये त्यावर आक्षेप घेतला : राग आणि भीती या दोन्हींत शरीराच्या आत होणारे बदल बरेचसे सारखेच असतील, तर केवळ त्यांवरून भावना ओळखू कशी येणार? मला कॅनन यांचा आक्षेप रास्त वाटतो, तरीही जेम्स यांचे म्हणणे टाकून देता येत नाही, कारण मेंदू आणि आतील अवयव यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेतील बहुसंख्य तंतू अवयवांकडून मेंदूकडे संदेश नेतात. धडधड जाणवली की भीती वाढते, भीती वाढली की धडधड वाढते, असे हे चक्र आहे.

ते श्वासाच्या वाटेने सैल करता येते. उच्छ्वास सुरू असताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्यामुळे बोलण्यापूर्वी काही मिनिटे श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. धडधड पूर्ण थांबावी अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ती असतानाही उत्तम बोलता येते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. धडधड विनाकारण होत असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर 'मनाचे खेळ' म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या.